करवीर प्रांतींचा वृद्धाश्रय : वेतनापासून निवासापर्यंत

‘वृद्धाश्रम’ हा शब्द मराठींत जुना नाहीं. अन्नछत्र, धर्मशाळा, मठ, रमणा, पांजरपोळ हे शब्द जुन्या लेखांत व बोलण्यांत पावलोपावलीं भेटतात. परंतु म्हाताऱ्या माणसांना एकत्र ठेवून त्यांची सेवाशुश्रूषा करावी, एवढ्याच कामासाठीं स्वतंत्र घर बांधावें, ही कल्पना आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीं रूढ नव्हती. यावरून ‘पूर्वीं म्हाताऱ्यांची आबाळ होतच नसे, सर्व कांहीं एकत्र कुटुंबांत भागत असे’ असा निष्कर्ष काढण्याची चाल पडली आहे. तो निष्कर्ष घाईचा आहे. जुन्या काळीं ही मदत कोणत्या रूपानें पोंचत असे, तिला घराचें रूप केव्हां व कां आलें, आणि आज ज्या वृद्धास उठण्याबसण्यासहि दुसऱ्याचा हात लागतो त्याच्यासाठीं कोल्हापूरसारख्या शहरीं कोणते मार्ग मोकळे आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम मराठेशाहीकडे पाहूं. अफझलखानाच्या प्रसंगानंतर, म्हणजे १६५९ च्या अखेरीस, शिवाजी महाराजांनीं पडलेल्या व जखमी झालेल्या लोकांची व्यवस्था कशी लाविली, हें कृष्णाजी अनंत सभासदानें आपल्या बखरींत नोंदविलें आहे. पडलेल्यांच्या पुत्रांस चालविलें; पुत्र नसतील तेथें त्यांच्या बायकांस निम्में वेतन बांधून दिलें; जखमींस जखम पाहून होन दिले. बखर घटनेनंतर पस्तीसचाळीस वर्षांनीं लिहिली गेली हें खरें, पण त्यांतील व्यवस्थेचा सांचा पुढील काळांतील सनदांशीं जुळतो. लढाईंत पडलेल्याच्या मुलाबाळांच्या पोषणासाठीं जी जमीन अथवा नेमणूक मिळे तिला ‘बालपरवेशी’ असें नांवच होतें. या सर्व देण्यांत एक गोष्ट समान आहे. साह्य माणसाच्या घरीं जात असे. साह्यासाठीं माणसास घर सोडावें लागत नसे. विधवेस निम्में वेतन मिळालें तर ती आपल्या गांवीं, आपल्या चुलीशीं राहूनच जगे. कोठल्या तरी सरकारी छपराखालीं येऊन राहा, मग अन्न मिळेल, अशी अट नव्हती.

हीच गोष्ट वतनांत दिसते. पाटील, कुळकर्णी, देशमुख यांस म्हातारपण आलें म्हणजे काम मुलगा पाही, मुलगा नसल्यास गुमास्ता अथवा मुतालिक नेमला जाई. वतनाचें उत्पन्न घरांत येतच राही. म्हणजे निवृत्तिवेतन या नांवाचें खातें नसतांहि त्याचें काम वतन करीत होतें. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कुळकर्णी वतनें काढून पगारी तलाठी नेमले व त्याच वर्षीं महार वतनेंहि बंद केलीं, तेव्हां त्यामागें न्यायाची मोठी दृष्टि होती, आणि महार वतन हें तर आश्रयापेक्षां वेठीचेंच साधन होतें. तथापि वतन जाऊन पगार आला म्हणजे पगार थांबल्यावर काय, हा प्रश्न त्याबरोबरच येतो. सरकारी नोकरास त्याचें उत्तर पेन्शनांत मिळालें. ज्याला पेन्शन नव्हतें, त्या शेतमजुरास व बलुतेदारास तें बराच काळ मिळालें नाहीं.

शिवाय पैसा व जमीन ही एक बाब झाली. हात ही दुसरी. जुन्या कोल्हापुरी घराची रचना आठवावी. पुढें सोपा, मग माजघर, मागें स्वयंपाकघर व परसू. म्हातारा सोप्यावर, म्हातारी माजघरांत. येणाराजाणारा दिसे, हांक मारली तर ओ मिळे. ही रचना सोयीची खरीच. पण त्या हांकेला ओ देणारी बहुधा सून असे, नाहीं तर घरांतलीच एखादी बालविधवा. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचें मलमूत्र काढणें, त्यास कुशीवर वळविणें, पेज भरविणें हें काम तिच्याकडे होतें व त्या कामाची नोंद कोणत्याहि दप्तरांत सांपडावयाची नाहीं. एकत्र कुटुंबाची थोरवी गातांना आपण या बिनपगारी चाकरीचा हिशेब सोडून देतों. ज्या घरीं सून नव्हती, किंवा जें घर कधीं एकत्र नव्हतेंच, तेथील म्हाताऱ्याचें काय होई, हें देवळांच्या दारांत व तीर्थक्षेत्रांच्या वाटांवर दिसे.

आश्रयास घराचें रूप मुंबईपुण्याकडे प्रथम आलें. येथें एक विलक्षण क्रम नजरेस येतो. मुंबईची पांजरपोळ १८३४ सालीं निघाली, आणि तिच्या उभारणींत ज्या सर जमशेटजी जिजीभाईंचा पुढाकार होता, त्यांच्याच नांवाची अनाथ व वृद्ध माणसांसाठींची धर्मशाळा बेलासिस रस्त्यावर त्यानंतर कांहीं वर्षांनीं उभी राहिली. भाकड गुरांची सोय आधीं झाली, थकलेल्या माणसांची मागाहून! पुण्यास डेव्हिड ससून यांच्या दानांतून अनाथ पंगु गृह निघालें. हे गृहस्थ १८६४ सालीं पुण्यासच वारले. ती संस्था आज ‘निवारा’ या नांवानें पुणेंकरांस परिचित आहे. या गृहांच्या नांवांकडे लक्ष द्यावें. ‘अनाथ’, ‘पंगु’ हीं विशेषणें वयाचीं नव्हेत, अवस्थेचीं आहेत. वृद्ध हा वेगळा वर्ग म्हणून अजून कोणाच्या डोळ्यांपुढें नव्हता.

कोल्हापुरापुरतें बोलावयाचें तर या इतिहासांतील ठळक टप्पा १८९६–९७ चा दुष्काळ होय. शाहू छत्रपतींनीं एप्रिल १८९४ मध्यें कारभार हातीं घेतला, आणि त्यानंतर अडीच वर्षांच्या आंतच हें संकट कोसळलें. दुष्काळनिवारणाची त्या काळची सर्वसाधारण रीति अशी होती, कीं धडधाकट माणसांना रस्ते, तलाव, विहिरी यांच्या कामावर घ्यावें व त्यांच्या श्रमाचा मोबदला द्यावा. मग ज्यांच्यानें कुदळ उचलवत नाहीं त्यांचें काय? त्यांच्यासाठीं करवीर दरबारानें ठिकठिकाणीं निराधार आश्रम उघडले. कामावर येणाऱ्या बायांच्या तान्ह्या मुलांसाठीं शिशुगृहेंहि काढलीं. वृद्ध, अपंग व अनाथ यांस राज्यानें आपल्या खर्चानें एका छपराखालीं ठेवून पोसावें, ही गोष्ट या प्रांतीं येथें स्पष्ट आकार घेते. पण हे आश्रम दुष्काळापुरते होते. दुष्काळांतील म्हातारा पाऊस पडल्यानंतरहि म्हाताराच राहतो, ही अडचण दुष्काळी व्यवस्थेच्या कक्षेबाहेरची होती.

याच छत्रपतींच्या दुसऱ्या एका कामांत मात्र कायम टिकणाऱ्या निवासाचा नमुना सांपडतो, आणि तो म्हाताऱ्यांसाठीं नव्हताच. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. त्याच सुमारास जैन विद्यार्थ्यांचें, पुढें १९०६ मध्यें मुसलमानांचें, १९०८ मध्यें अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क होस्टेल. १९२० मध्यें प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग. कोल्हापुरास ‘वसतिगृहांची जननी’ म्हणतात तें यावरून. या बोर्डिंगांची घडण अशी : जागा व इमारत दरबारच्या साह्यानें, चालू खर्चास नेमलेलें उत्पन्न, रोजचा कारभार त्या त्या समाजाच्या कमिटीकडे, आणि आंत एक सामाईक स्वयंपाकघर व एक जबाबदार देखरेखदार. खेड्यांतल्या मुलाला शहरांत घर नाहीं म्हणून त्याची शाळा अडूं नये, एवढाच हेतु. ही घडण जशीच्या तशी उचलून वृद्धांच्या निवासास लावतां येण्याजोगी आहे. जातवार विभागणी तेवढी सोडून द्यावी. तिची तेव्हांची गरज निराळी होती.

विलायतेकडे पाहिलें तर दोन अगदीं विरुद्ध नमुने दिसतात. इंग्लंडांत १८३४ च्या कायद्यानें गरिबांस घरपोच साह्य शक्य तों बंद करून त्यांस ‘वर्कहाउस’ म्हणजे कामघरांत येण्यास भाग पाडलें. तेथें नवराबायकोस निरनिराळ्या बाजूंस ठेवीत. साठीपुढील जोडप्यांची ताटातूट करूं नये असें ठरावयास १८४७ साल उजाडावें लागलें, आणि ती सबंध पद्धति कायद्यानें संपली ती १९४८ सालीं. उलट जर्मनींतील आउग्सबुर्ग शहरीं याकोब फुगर या सावकारानें १५२१ सालीं बांधलेली ‘फुगराय’ ही वसाहत अद्याप चालू आहे. गरजू नगरवासीयांस लहान लहान स्वतंत्र बिऱ्हाडें, वर्षाचें भाडें एक ऱ्हाइनी गिल्डर, तेंहि आजतागायत न वाढविलेलें. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचें दार आहे, आणि दारावरील घंटा ओढण्याची मूठ प्रत्येकाची निराळ्या आकाराची. हेतु असा, कीं अंधारांत नुसत्या हातानें चांचपून आपलें दार ओळखतां यावें. मला या मुठीचें फार महत्त्व वाटतें. कामघरांत सर्वांना एक दार होतें. येथें ज्याला त्याला आपलें.

आतां स्वातंत्र्योत्तर काळ. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई इलाख्यांत विलीन झालें व वृद्धांचा प्रश्न संस्थानी कृपेकडून सरकारी योजनांकडे गेला. महाराष्ट्र सरकारनें १९६३ सालीं स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांस अनुदान देण्याची योजना आणिली. तींत पुरुषास ६० व स्त्रीस ५५ वर्षांची वयोमर्यादा होती. १९९५ मध्यें ‘मातोश्री’ वृद्धाश्रमांची योजना निघाली व त्या नांवाचा आश्रम कोल्हापुरांतहि आहे. श्रावणबाळ योजनेखालीं गरीब वृद्धांस दरमहा वेतन मिळतें. २०२३ सालीं तें १५०० रुपये करण्यांत आलें. सभासदाच्या बखरींतील निम्म्या वेतनाशीं याचें नातें उघड आहे : रक्कम घरीं येते, घर सोडावें लागत नाहीं. मात्र या रकमेंत भाजीभाकरी कशीबशी भागेल, मदतनीस ठेवतां यावयाचा नाहीं.

२००७ सालीं मध्यवर्ती सरकारनें आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा केला. त्याचें १९ वें कलम सनद वाचावी तशा बारकाईनें वाचण्याजोगें आहे. राज्य सरकारनें प्रत्येक जिल्ह्यांत निदान एक, किमान १५० निर्धन वृद्ध राहूं शकतील असा, वृद्धाश्रम उघडावा असें त्यांत सुचविलें आहे; परंतु क्रियापद बंधनकारक नाहीं. ‘उघडील’ असें न म्हणतां ‘उघडूं शकेल’ असें म्हटलें आहे. सनदेंतील एका क्रियापदानें किती फरक पडतो हें इतिहाससंशोधकांस सांगावयास नको. आणि संख्येचा विचार करावा. २०११ च्या शिरगणतींत कोल्हापूर जिल्ह्याची वस्ती ३८,७६,००१ होती व महाराष्ट्रांत साठीपुढील माणसें शेंकडा ९.९ होतीं. तेंच प्रमाण या जिल्ह्यास लाविलें तर पावणेचार लाखांवर वृद्ध होतात. ते सर्व निर्धन नाहींत हें खरें. तरी १५० जागा म्हणजे सुमारें अडीच हजारांमागें एक.

पण खरी अडचण जागांच्या संख्येपेक्षां प्रवेशाच्या अटींत आहे. आपल्याकडील बहुतेक वृद्धाश्रम ‘स्वतःचें स्वतः करणाऱ्या’ माणसासच घेतात. चालतां फिरतां यावें, आंघोळ व शौच आपलें आपण उरकतां यावें, जुनाट आजार नसावा. म्हणजे ज्याला मदत फारशी लागत नाहीं त्याला आश्रम मिळतो, आणि मदत लागूं लागली कीं मुलांना किंवा नातेवाइकांना निरोप जातो. यांत चालकांचा निर्दयपणा आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांच्यापाशीं रात्रीं जागणारा माणूस नसतो, आणि एक अंथरुणाला खिळलेला रुग्ण चार माणसांचें काम एकटा काढतो.

हें ‘चार माणसांचें काम’ अलंकारिक नव्हे. हिशेब करून पाहावा. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्यास ४८ तास काम करतो असें धरलें, तर एकाच वृद्धाजवळ अहोरात्र कोणी तरी असावयास साडेतीन माणसें लागतात. रजा व आजारपण धरलें तर चार. इतक्या पगारांचा भार सामान्य घर उचलूं शकत नाहीं. म्हणून तो भार एका सुनेवर किंवा मुलीवर पडतो व ती रात्रंदिवस जागते. आतां आठ वृद्ध आठ स्वतंत्र खोल्यांत पण एकाच आवारांत राहात आहेत असें समजावें. रात्रीची जागल एकाच माणसास करतां येते, कारण आठहि जणांस एकाच क्षणीं हांक मारावी लागत नाहीं. स्वयंपाक एक, औषधांची वही एक, आठवड्यांतून येणारा वैद्य एक. दिवसा आंघोळीच्या वेळीं दोन माणसें अधिक असलीं म्हणजे पुरतें. ज्याला आजकाल साहाय्ययुक्त निवास म्हणतात त्याचें सारें अर्थशास्त्र एवढेंच आहे : दार आपलें, मदत सामाईक.

या निवासाच्या पायऱ्या स्थूलमानानें तीन सांगतां येतील, पण त्या एकींतून दुसरींत नकळत जातात हें विसरूं नये. पहिलींत वृद्ध आपल्याच घरीं राहतो. डबा येतो, दिवसा दोन तास मदतनीस येतो. दुसरींत तो स्वतंत्र खोलींत राहतो, पण आवारांत रात्रीं जागा माणूस असतो व उशाशीं घंटा असते. तिसरींत त्यास परिचारिकेची गरज लागते : दर दोन तासांनीं कुस बदलून शय्याव्रण टाळणें, नळीनें अन्न देणें, किंवा स्मृतिभ्रंश झाला असल्यास तो भ्रमांत बाहेर जाऊं नये म्हणून लक्ष ठेवणें. आपल्याकडे पहिली पायरी विस्कळित स्वरूपांत आहे, तिसरी अलीकडे खासगी शुश्रूषागृहांच्या रूपानें वाढते आहे. दुसरी जवळजवळ नाहींच. पुण्याकडे ‘अथश्री’सारख्या वसाहती झाल्या आहेत, पण त्या घर विकत घेण्याची ऐपत असणाऱ्यांसाठीं आहेत. डेन्मार्कनें १९८७ च्या कायद्यानें जुन्या पद्धतीचीं शुश्रूषागृहें बांधणें थांबवून वृद्धांसाठीं स्वतंत्र बिऱ्हाडें बांधण्याकडे व मदत त्या बिऱ्हाडांत पोंचविण्याकडे मोर्चा वळविला. म्हणजे एक प्रकारें ते आपल्या वेतन-नेमणुकीच्या तत्त्वाकडेच आले.

इमारतीबद्दल थोडें. जुन्या वाड्याचा उंच उंबरठा, अरुंद जिना व परसांतील शौचकूप हे तिन्ही वृद्धाचे वैरी आहेत. पडण्याचे प्रसंग बहुधा न्हाणींत व रात्रीं येतात. कोल्हापुरांत या विषयाचा अनुभव वृद्धांच्या संस्थांपेक्षां अपंगांच्या संस्थांजवळ अधिक आहे. नसीमा हुरजूक यांनीं १९८४ सालीं येथें स्थापिलेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेनें चाकाच्या खुर्चींतून वावरणाऱ्यांसाठीं वसतिगृह चालविलें, आणि उतरण, रुंद दार, हाताशीं येणारें बटण यांचा विचार तेथें आधींपासून झाला. मध्यवर्ती सरकारनें २०१९ सालीं निवृत्तिनिवासांसाठीं आदर्श नियम प्रसिद्ध केले, आणि महाराष्ट्राच्या स्थावर संपदा प्राधिकरणानें २०२४ मध्यें विक्रीसाठीं बांधल्या जाणाऱ्या अशा निवासांवर कांहीं किमान अटी घातल्या : उद्वाहक, खुर्चीस मोकळी वाट, न्हाणींत धरावयाचे दांडे. धर्मादाय आश्रमांनीं त्या आपण होऊन पाळाव्यात. कोल्हापुरास आणखी एक अट घालावी लागेल. २००५, २०१९ व २०२१ या तिन्ही सालीं पंचगंगेच्या महापुरानें शहराचा सखल भाग व शिरोळकडील गांवें पाण्याखालीं गेलीं. चालत्या माणसास नावेंत बसवितां येतें. खाटेवरच्या माणसास खाटेसकट उचलावें लागतें. तेव्हां असा निवास पूररेषेच्या बाहेरच असला पाहिजे, मग जागा कितीहि स्वस्त मिळो.

राहतां राहिलें लेखाचें अंग. जुन्या वाटणीपत्रांत आईवडिलांच्या अन्नवस्त्राचें कलम घालण्याची रीत होती, आणि ती शहाणपणाची होती. अलीकडे वृद्ध माणसें मुलांच्या नांवें घर करून देतात व अटीचा कागद करीत नाहींत. २००७ च्या कायद्याचें २३ वें कलम यासाठींच आहे : मूलभूत गरजा भागविण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास, परत मागतां येते. सर्वोच्च न्यायालयानें २०२२ च्या एका निकालांत अशी अट होती हें सिद्ध झालें पाहिजे असें म्हटलें. २०२५ च्या आरंभींच्या निकालांत त्यानें कायद्याच्या हेतूकडे पाहून अधिक उदार अर्थ केला व मातेस तिची मिळकत परत देवविली. तथापि उदार अर्थाच्या भरंवशावर राहण्यापेक्षां दानपत्रांतच अट स्पष्ट लिहावी हें बरें. तींत नुसतें ‘सांभाळ करावा’ असें न लिहितां राहण्याची खोली कोणती, आजारांत मदतनीसाचा खर्च कोणी द्यावा, आणि निवासांत जावें लागल्यास त्याचें शुल्क कोणत्या उत्पन्नांतून भरावें, हें लिहिलें जावें. निर्वाहाचा दावा उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढें चालतो. महिना १०,००० रुपयांपर्यंत रक्कम ठरवितां येते. अर्ज वृद्धास स्वतः करणें शक्य नसेल तर त्यानें अधिकार दिलेल्या दुसऱ्या व्यक्तीनें अथवा संस्थेनें केला तरी चालतो, आणि नोटीस पोंचल्यापासून ९० दिवसांत, अपवादात्मक कारण असल्यास आणखी ३० दिवसांत, त्याचा निकाल द्यावयाचा असतो.